त्यावर पाय देऊ नका!

गेल्या वर्षी बेळगावला एका घरच्या गृहप्रवेशाला गेले होते. हिंदवाडीच्या अंगाला नवा बंगला, दारात केळीचे खांब, आत फुलांचा घमघमाट. निपाणीहून आम्ही सहा बायका एकाच गाडीत दाटीवाटीनं बसून गेलो होतो. दारात चपला काढल्या. दिवाणखान्यात पाऊल टाकणार तोच घरधनीण, नात्यानं माझी भाची, हात आडवा करून म्हणाली, "मावशी, कडंकडंनं या हं. त्यावर पाय देऊ नका."

खाली पाहिलं तर गालिचा. रुंदीला बेताचा, लांबीला जिन्याच्या बोळासारखा. भाजलेल्या शेंगेच्या टरफलाचा रंग, मध्ये लाल-निळ्या तीन मोठ्या चौकटी एकीला एक लागून, आणि कडेला परत तीच टरफलाची पट्टी. खोटं कशाला बोलू, सुंदर होता. डोळा निवावा असा होता.

"इराणचा आहे," भाची हळूच म्हणाली. "शंभर वर्षांच्या वरचा. उंटाच्या केसांचा." मग कानाशी येऊन तिनं आकडा सांगितला. तो इथं लिहीत नाही, तिच्या सासरची माणसं वाचतील. आमच्यातल्या एक वहिनी फटकळ आहेत. त्यांनी विचारलं, "मग बसायचं कुठं गं?" सगळ्या हसल्या. भाचीही हसली आणि आम्हाला सोफ्यावर बसवलं. समोरच्या भिंतीवर शांतिसागर महाराजांची तसबीर होती. १८७२ साली आपल्या भोजजवळ जन्मलेला हा माणूस. पिंछी आणि कमंडलूपलीकडे जवळ काही न बाळगता त्यानं देशभर पायी विहार केला. त्यांच्या नजरेखाली तो गालिचा आणि गालिच्याच्या कडंकडंनं चालणाऱ्या आम्ही.

जेवणं व्हायच्या आधी खोलीत कुणी नव्हतं तेव्हा मी वाकून गालिच्याचा वास घेतला. हसा खुशाल. बाहेर पावसाळी हवा होती आणि वास ओळखीचा होता. माझ्या आजेसासूबाईंच्या घोंगड्याचा.

तेव्हापासून या गालिच्यांबद्दल मिळेल ते वाचलं, जाणत्यांना विचारलं. वायव्य इराणात सराब नावाचं गाव आहे. तिथले आणि हमदानच्या आसपासचे हे गालिचे. फारसीत उंटाला शुतुर म्हणतात. आपल्या पेशवाईत उंटावरच्या लहान तोफेला सुतरनाळ म्हणत, त्यातलाच हा शब्द. त्या रंगाला नाव शुतुरी. उंट उन्हाळ्याच्या तोंडाला आपणहून केस गाळतो. ते गोळा करायचे, पिंजायचे, कातायचे आणि न रंगवता तसेच गाठीत घालायचे. न रंगवलेलं असल्यामुळं जमीन एकसारखी येत नाही. चार बोटं गडद, मग वीतभर फिकी, मग परत गडद. रंगाच्या अशा चढउताराला जाणकार 'अब्राश' म्हणतात आणि त्यासाठी जीव टाकतात. काळ्या-तपकिरी रंगात लोह असलं की ते वर्षानुवर्षं लोकर खातं, तेवढा भाग झिजून खोल जातो आणि बाकीची नक्षी उठून दिसते. त्याचंही कौतुक. दुकानातल्या नव्या चादरीत एवढी खोट निघाली असती तर आपण ती परत केली असती.

आता गंमत ऐका. उंटाचे म्हणून जे गालिचे विकले जातात, त्यातल्या कितीतरींत उंटाचा केसच नसतो. मेंढीची मूळची तपकिरी लोकर असते, नाहीतर अक्रोडाच्या सालीत रंगवलेली. हे मी म्हणत नाही, या धंद्यातले जाणकारच लिहून ठेवतात. म्हणजे भाचीनं ज्या उंटासाठी एवढा पैसा मोजला, ती मेंढी असू शकते. आणि मेंढी पाहायला आपल्याला इराणला जावं लागत नाही. दिवाळीनंतर चिकोडी, हुक्केरी, कागल कुठल्याही रस्त्याला उभ्या राहा, गाडी थांबवून कळप जाऊ द्यावा लागतो.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि काळी. तिला रंग लागत नाही, ती जन्मतःच रंगून आलेली असते. धनगर वर्षातून दोनदा कातरतो. लोकर धुवायची, वाळवायची, पिंजायची आणि चरख्यावर कातायची. हे कातणं बायकांचं. म्हातारीपासून परकऱ्या पोरीपर्यंत घरातली प्रत्येक बाई कातायची. मग चिंचोके कुटून त्यांची खळ शिजवायची आणि ताणून धरलेल्या सुताला कुंच्यानं लावायची, म्हणजे सूत ताठ होतं, तुटत नाही. मग सनगर खड्ड्यातल्या मागावर बसून विणायचा. कानडी मुलखात तीच कंबळी, विणणारे कुरुब. आणि जेन आठवतं का? त्याला माग लागत नाही. लोकर पसरून, पाणी शिंपडून, गुंडाळून हातापायांनी तुडवत राहायचं, लोकर लोकरीला धरते आणि जाड गादीसारखं आसन तयार होतं. आपल्याकडं लग्नाच्या बैठकीला पाहुण्यांच्या खाली जेन असायचं, आणि त्यावर पाय देऊ नका असं कुणी म्हणत नव्हतं.

घोंगडं नवं असताना पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. दोन पावसाळे गेले की अंगाला येतं. डोक्यावरून खोळ करून घेतली की मृगाचा पाऊस वरून घसरून जातो. त्यात धान्य बांधायचं, तंबाखूची राखण करताना रात्री पांघरायचं, वारकऱ्यानं खांद्यावर टाकायचं, बाळंतिणीच्या दाराला लावायचं. बिरोबाच्या देवळात, खंडोबाच्या जागरणात त्याच्याशिवाय चालत नाही. धनगर आपल्या शेतात मेंढरं बसवायला यायचे. रात्रभर लेंडी-मूत पडून जमीन खतवायची, त्याबद्दल त्यांना धान्य द्यायचो. आजेसासूबाई त्या व्यवहारातच अधूनमधून एक घोंगडं मागून घ्यायच्या. त्यांच्याजवळ चार होती. एक इतकं जुनं की काळ्याचं तांबूस झालं होतं आणि कुठं गडद, कुठं फिकं. अब्राशच की! पण आम्हाला तो शब्द माहीत नव्हता, म्हणून आम्ही त्याला 'ते इटकं घोंगडं' म्हणत होतो.

त्या चारांचं काय झालं ते सांगते, कारण नुसतं भाचीला बोल लावून मी सुटणार नाही. धाकट्या दिरांच्या लग्नात घर रंगवलं. मी तेव्हा नवी नवी शिकलेली सून. घोंगडी टोचतात, वास येतो, पाहुण्यांसमोर खेडवळ दिसतं म्हणून माळ्यावरून सगळी खाली काढली. बोहारणीला बोलावलं, तर तीही घेईना. "ह्येच्यावर भांडं न्हाई मिळायचं वैनी," म्हणाली. मग दोन म्हशीच्या गोठ्यात गेली, एक वखारीत तंबाखूच्या बोदांवर टाकलं आणि ते इटकं गडी घेऊन गेला. त्यांच्या जागी मी गुलाबांची चित्रं असलेली पानिपतची ब्लँकेटं आणली. मऊ होती, तिसऱ्या धुण्याला गोळे धरले. आजेसासूबाई तेव्हा हयात होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त थंडीत रात्री दोनदा उठून विचारायच्या, "अगं, माझं घोंगडं कुठं ठेवलंयस?"

तेव्हा माझं भाचीशी भांडण आहे ते एकाच गोष्टीवरून. न रंगवलेली लोकर, हातानं कातलेली, कळपामागं हिंडणाऱ्या माणसांची, सुतात खालीवर असलेली, वापरून वापरून मऊ पडलेली. हे सगळं आपल्या माळ्यावर होतं तेव्हा ती अडगळ होती. हेच समुद्रापलीकडून बिलासकट आलं की कला झाली. मग आपल्या डोळ्यानं पाहिलं काय? वस्तू पाहिली की किंमत?

आणि संग्राहक म्हणवणाऱ्यांचा मोह तरी कसा असतो, तोही बघा. त्यांच्या धंद्यात शंभर वर्षांची रेघ आहे. शंभर भरली की वस्तू 'अँटिक', त्याच्या आत असली की नुसती जुनी. आपल्याकडचा १९७२ चा पुरावस्तू कायदाही साधारण तीच रेघ मारतो. या शंभर वर्षांत नेमकं काय घडतं? लोकर तर झिजते, रंग विटतो. घडतं ते एवढंच की विणणारी मरते. तिची मुलं मरतात. आता मजुरी मागायला, भाव वाढवून मागायला, "माझं नाव लिहा" म्हणायला कुणी उरत नाही. तेवढं झालं की मग बोली लागते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा गालिचा आहे, जगातला सगळ्यात नावाजलेला. त्यावर साल विणलेलं आहे, हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०. नाव आहे मकसूद काशानी. चौरस इंचाला ३४० गाठी. मकसूदनं काम करवून घेतलं असणार. ज्या हातांनी त्या गाठी मारल्या, त्यांतल्या एकाचंही नाव कुठं नाही. संग्रहालयानं तो १८९३ साली २,००० पौंडांना घेतला, विल्यम मॉरिससारख्या माणसानं शिफारस केली. पण असे गालिचे दोन होते, एक जोडी. व्यापाऱ्यांनी एक पुरा दिसावा म्हणून दुसरा कापून पहिल्याला ठिगळं लावली. उरलेला, कडा गेलेला, आज अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. १९५३ मध्ये तेलवाल्या गेटीनं तो देऊन टाकला. घरात दोन वाकळा फाटल्या की आपणही एकीची ठिगळं दुसरीला लावतो. पण आपण पोराला थंडी वाजू नये म्हणून लावतो.

२०१३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला सतराव्या शतकातला एक इराणी गालिचा ३ कोटी ३७ लाख डॉलरना गेला. तांब्याच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या क्लार्क नावाच्या सेनेटरच्या संग्रहातला. विकणाऱ्यांचा स्वतःचा अंदाज ५० ते ७० लाखांचा होता. एवढी उडी कशानं पडली? गालिचा तोच होता, गाठी त्याच होत्या. दोघा हौशी माणसांनी एकमेकांपुढं हार मानली नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, अक्का, तुमच्या भाचीचा तो सराबचा गालिचा काही राजवाड्यातला नव्हे, साध्या बायकांनी घरासाठी विणलेला. काही असतील तसे. पण १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनानंतर युरोपात या गालिच्यांना एवढी मागणी आली की तबरीझचे व्यापारी आणि मँचेस्टरची झिग्लर कंपनी तिथं ऑर्डरी देऊन माल विणून घेऊ लागली. आज शंभरी ओलांडलेला बराच माल त्या काळातला आहे. म्हणजे घरात बसून बाईनं केलेलं, मुकादमाकडून मोजून घेतलेलं काम. निपाणीच्या बायकांना हे नव्यानं सांगायला नको. विडीची मजुरी हजारावर असते, आणि हजारातल्या किती 'छाटल्या' जातात हे घरोघरी ठाऊक आहे. तिकडं गाठी मोजायच्या, इकडं विड्या. उद्या शंभर वर्षांनी कुणी निपाणीचं सूप आणि पत्ता कापायची कात्री काचेच्या कपाटात ठेवून लाखाला विकली, तर आज विड्या वळणाऱ्या बाईच्या पाठीला त्यानं आराम पडणार आहे का?

आता आपल्या लोकांचा मुख्य आक्षेप. मी घोंगड्याची गोष्ट काढली की आपल्यातल्या दोघीतिघी लगेच म्हणतात, "नको बाई, जनावराचं आहे. हिंसा होते." फार बरं. त्याच बायका पंचकल्याणिकाला, लग्नाला रेशमी शालू नेसून येतात. रेशीम कसं निघतं? कोशातला जीव आत असतानाच कोश उकळतात. मेंढी कातरून झाली की अंग झटकून चरायला जाते. आणि याच्या पुढचं जास्त कठीण आहे, ते नीट ऐका. जोवर लोकरीला भाव होता, तोवर मेंढी वर्षानुवर्षं जगवण्यात धनगराचा फायदा होता. दर कातरणीला ती काहीतरी द्यायची. आता लोकर कुणी विचारत नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून कातरून माळावर टाकून देतात. मग मेंढीत उरलं काय? मांस. म्हणून दख्खनी काळी मेंढी मागं पडत चाललीय आणि माडग्याळसारखी उंच, लवकर वजन धरणारी जात कळपात वाढतेय. लोकर नाकारून आपण एकही मेंढी वाचवली नाही. तिचं आयुष्य आखूड केलं. 'जनावराचं नको' म्हणून नायलॉनचं ब्लँकेट घेणाऱ्या बाईनं हा हिशेब एकदा मांडून बघावा.

अपरिग्रहाचंही तेच. परिग्रह-परिमाण व्रतात कशाकशाची मर्यादा करायची याची यादी आपण शास्त्रसभेत ऐकतो. शेत, घर, सोनं, धान्य, आणि शेवटी 'कुप्य'. कुप्य म्हणजे काय, असं मी एकदा पंडितजींना विचारलं होतं. म्हणाले, कापडचोपड वगैरे, त्यात रेशीमसुद्धा आलं. सोन्याची मर्यादा आपण निदान तोंडानं तरी करतो. या कुप्याची कुणी केलीय? जी वस्तू अंथरायची पण बसायचं नाही, दाखवायची पण हात लावू द्यायचा नाही, तिला वस्तू म्हणायचं की तिजोरी? पूर्वी तिजोरी आतल्या खोलीत असायची. आता ती दिवाणखान्यात पसरून ठेवतो आणि पाहुण्यांना कडंकडंनं फिरवतो.

मला माहीत आहे, काही दिवसांनी घोंगडीलाही हे भाग्य येणार. शहरातल्या दुकानांतून आताच लोकरीच्या पिशव्या, आसनं सुबक चिठ्ठी लावून दिसायला लागलीत. ते विकणाऱ्यांतले काही खरंच कारागिरांसाठी झटतात, त्यांना माझा नमस्कार. पण त्यांच्या मागून जुनी, फाटकी, धुरकटलेली घोंगडी शोधत फिरणारेही येतील. "आजीचं काही आहे का?" म्हणून दारात उभे राहतील. नवं विणणाऱ्याच्या दारात ते जायचे नाहीत. म्हणून सांगते, बायांनो, माळ्यावर जुनं असेल तर विकू नका, वापरा. आणि नवं घ्या. टोचतं, हे खरं आहे. खाली जुन्या लुगड्याची चौघडी घाला. वास येतो, दोन उन्हं दाखवली की जातो. महाग पडतं म्हणाल, तर एका लग्नाच्या शालूच्या पैशात घरातल्या प्रत्येकाला एक येईल आणि उरतील.

मी गेले होते. नाव सांगत नाही गावाचं, आपल्याच भागातलं आहे, हुक्केरीच्या बाजूला. आधी तीन घरं बंद सापडली. मागाच्या खड्ड्यात एका ठिकाणी कोंबड्या डालल्या होत्या. चौथ्या घरी म्हातारा होता, माग चालू होता. मी म्हटलं, एक घोंगडी हवीय, हातच्या सुताची. त्यानं मला खालीवर पाहिलं.

"देवाला पायजे व्हय?"

"नाही. घरात अंथरायला."

"बसायला?"

"बसायला. झोपायला. पोरांनी नाचायला."

तो जरा गप्प राहिला. मग आत तोंड करून बायकोला कानडीत काहीतरी म्हणाला. ती दारात आली. हात पदराला पुसत होती आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, न उघडणारी होती. तिनं विचारलं, घाई आहे का. मी म्हटलं नाही. मग म्हणाली, "तर पाडव्यापर्यंत थांबा अक्का. आता कातायला मी एकटीच आहे."

मी पैसे आधी देऊ लागले. तिनं निम्मेच घेतले.